आवडीवर वाद घालता येतो

अद्भुतकथा किंवा विज्ञानकथा हा विषय निघाला की बोलणे फार लवकर एका वाक्यापाशी येऊन थांबते: ज्याची त्याची आवड. एकाला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ जिवापाड प्रिय असते, दुसऱ्याला त्याची सुरुवातीची पानेही ओलांडवत नाहीत. एक जण ‘ड्यून’ पाहून भारावतो, त्याच्या शेजारी बसलेला कंटाळतो. मग कुणाला गोड रुचते, कुणाला तिखट, असे म्हणून दोघेही मोकळे होतात. हे वाक्य सौजन्याचे वाटते, म्हणून ते टिकून आहे. प्रत्यक्षात ते विचार सुरू होण्याआधीच संपवते, आणि या दोन साहित्यप्रकारांच्या बाबतीत तर ते मुळातच चुकीचे आहे.

माझे म्हणणे असे. वास्तववादी कथेत लेखक आणि वाचक यांचे जग आधीपासून सामाईक असते. चाळ, शेत, कचेरी, सासर यांचे नियम वाचकाला ठाऊक असतात. अद्भुतकथेत आणि विज्ञानकथेत लेखक एक अशक्य किंवा अजून न घडलेली गोष्ट मांडतो आणि वाचकाला ती तेवढ्यापुरती मान्य करायला सांगतो. कोणती अशक्यता आपण मान्य करतो, कुठवर करतो आणि बदल्यात लेखकाकडून काय मागतो, यावर आपली आवड ठरते. या मागणीमागे नियम, ज्ञान, सत्ता आणि न्याय यांविषयीच्या आपल्या समजुती असतात. समजुती तपासता येतात. म्हणून आवडही तपासता येते, आणि तिच्यावर वाद घालता येतो.

कालिदासाने घातलेल्या अटी

लोकांची रुची वेगवेगळी असते, हे वचन आपल्याकडे वाद मिटवण्यासाठी वापरतात. ते ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गातले, इंदुमतीच्या स्वयंवरातले. प्रतिहारी सुनंदा एकेका राजाची ओळख करून देत असते. अंगदेशाच्या राजाचे वर्णन ऐकल्यावर इंदुमती त्याच्यावरून नजर काढून घेते आणि पुढे चल असे सांगते. तिच्या या नकाराचे कारण देताना कालिदास एकदम रुचिभेदावर येत नाही. तो राजा वरण्याजोगा नव्हता असे नाही, हे तो आधी सांगतो. पारख कशी करायची हे तिला कळत नव्हते असेही नाही, हे त्यानंतर. या दोन शक्यता बाजूला सारल्यावरच तो रुचीच्या भिन्नतेचे नाव घेतो.

आपण या दोन्ही पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उभे राहतो. पुस्तकात दम होता का, हे पाहिलेले नसते. त्या प्रकारचे पुस्तक वाचण्याची आपली तयारी होती का, हेही विचारलेले नसते. कालिदासासाठी रुचिभेद हा सगळी परीक्षा झाल्यावर उरणारा शेष होता. तसा शेष असतोच, आणि त्याच्याकडे मी पुढे येणार आहे. पण तिथवर पोहोचण्याआधी बरेच काही बोलता येते, आणि ते बोलणे या लेखाचा विषय आहे.

पहिला फाटा: हिशेब मागणारा वाचक

विज्ञानकथेच्या आरंभीच रुचिभेदाचा एक स्वच्छ नमुना सापडतो. ज्यूल व्हर्नने 1865 साली आपल्या प्रवाशांना चंद्राकडे पाठवले ते फ्लोरिडात जमिनीत ओतलेल्या 900 फूट लांबीच्या तोफेतून. एच. जी. वेल्सने 1901 साली आपल्या प्रवाशांना पाठवले ते कॅव्होराइट नावाच्या काल्पनिक पदार्थाच्या बळावर, ज्याच्यामुळे गुरुत्वाकर्षण अडवले जाते. वेल्सच्या पुस्तकानंतर दोनेक वर्षांनी एका मुलाखतीत म्हाताऱ्या व्हर्नने तक्रार केली की मी भौतिकशास्त्राचा आधार घेतो, हा गृहस्थ मात्र मनाने पदार्थ रचतो. तो धातू मला दाखवा, असा त्याचा रोख होता.

वरवर पाहता एकाला शास्त्र आवडते आणि दुसऱ्याला कल्पना, इथे प्रश्न मिटतो. पण व्हर्नची तोफही चालणारी नाही. त्या स्फोटाच्या धक्क्याने आतले प्रवासी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच मेले असते. म्हणजे सत्यतेच्या कसोटीवर दोन्ही लेखक एकाच जागी आहेत. तरी फरक उरतोच. व्हर्न आपल्या अशक्यतेचा हिशेब वाचकासमोर मांडतो: तोफेची लांबी, दारूचे वजन, वेग, खर्च, वर्गणी. वाचक तो हिशेब तपासून चूक काढू शकतो, आणि ती काढण्यातही त्याला आनंद मिळतो. वेल्स हिशेब देत नाही. तो एकच सवलत मागतो आणि तिच्या जोरावर चंद्राच्या पोटातला समाज उभा करतो, जिथे प्रत्येक जीव त्याच्या कामासाठी लहानपणापासून घडवला जातो. तो समाज वाचताना वेल्सच्या काळच्या इंग्लंडमधली श्रमविभागणी आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे 1933 साली आपल्या वैज्ञानिक कादंबऱ्यांच्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने ही रीत उघड केली: अद्भुत गोष्ट एकच घ्यावी आणि बाकीचे जग काटेकोरपणे नेहमीचे ठेवावे, कारण वाट्टेल ते घडू शकत असेल तर कशातच रस उरत नाही.

व्हर्नचा वाचक जग कसे चालते हे पाहू इच्छितो. वेल्सच्या वाचकाला जगातली एकच खुंटी हलवल्यावर माणसांचे काय होते, याचे कुतूहल असते. अभियंता मित्राला एखादी विज्ञानकथा ‘पोकळ’ वाटते आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकाला तीच ‘भेदक’ वाटते, तेव्हा बहुधा हेच घडलेले असते. दोघांनी एकाच लेखकाकडे दोन वेगळ्या गोष्टी मागितलेल्या असतात. हे कळले की त्यांचा वाद संपत नाही, उलट खरा वाद तिथे सुरू होतो: या लेखकाकडे यांतली कोणती मागणी करणे रास्त होते?

नियम विज्ञानाच्या मालकीचे नाहीत

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नियमांची ओढ असलेला वाचक विज्ञानकथेकडे जातो आणि नियम नको असलेला अद्भुतकथेकडे, ही विभागणी आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य आहे. ती टिकत नाही.

‘तुंबाड’ हा 2018 सालचा राही अनिल बर्वे यांचा चित्रपट पाहा. त्याच्या मुळाशी नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आलेले. हस्तर हा पूर्णपणे कल्पित देव. विज्ञानाचा त्यात लवलेश नाही. पण नियम किती कडक आहेत! हस्तरला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही, म्हणून तो पिठाचा भुकेला. म्हणून पिठाची बाहुली घेऊन खाली उतरायचे, पिठाचे रिंगण आखायचे, तो बाहुली खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओढायच्या. नायक विनायकरावाचा लोभ या नियमांच्या चौकटीतच वाढतो, आणि एका वेळी अनेक बाहुल्या नेण्याची चतुराई त्याच चौकटीत उलटते. प्रेक्षक घाबरतो कारण त्याला नियम पाठ झालेले असतात. हा चित्रपट 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. सहा वर्षांत चित्रपटाची एक चौकटही बदललेली नव्हती. मधल्या काळात प्रेक्षक बदलला होता, अशा कथेकडे काय मागायचे हे शिकला होता. आवड जन्मजात आणि अचल असते असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

अद्भुतकथेच्या आतही हाच तिढा आहे. अमेरिकी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी 2007 मध्ये एक सूत्र मांडले: जादूने संकट सोडवायचे असेल तर ती जादू वाचकाला आधी नीट कळलेली हवी. त्यांच्या कादंबऱ्यांत जादू जवळजवळ रसायनशास्त्रासारखी चालते, कोणता धातू कोणती शक्ती देतो हे ठरलेले असते. याउलट टोल्किनचा जादूगार गँडाल्फ नेमके काय करू शकतो, हे हजारभर पाने वाचूनही सांगता येत नाही. मला स्वतःला टोल्किनची रीत श्रेष्ठ वाटते, आणि त्याचे कारण मी देऊ शकतो. टोल्किन गँडाल्फच्या जादूने कथेचा मुख्य पेच सोडवतच नाही. तो पेच दोन थकलेल्या, लहानखुऱ्या माणसांच्या पायी चालण्याने आणि दयेने सुटतो. जादू धूसर ठेवण्याची किंमत त्याने दुसरीकडे चुकती केली आहे. ज्या लेखकांनी त्याची धूसरता उचलली आणि शेवटी त्याच धूसर जादूने नायकाला वाचवले, त्यांनी वाचकाला फसवले. हा माझा आवडीचा निर्णय आहे, पण तो कारणांसह आहे, आणि सँडरसनचा चाहता तो खोडून काढायला मोकळा आहे.

दुसरा फाटा: न उलगडलेले किती सोसते?

स्टानिस्लाव लेम यांची ‘सोलारिस’ 1961 ची. परग्रहावरचा एक महासागर, जो कदाचित सजीव आहे, कदाचित विचार करतो. माणसाने त्याच्यावर ग्रंथालये भरतील एवढे संशोधन केले आणि हाती काही लागले नाही. तो महासागर अंतराळस्थानकातल्या माणसांच्या स्मृतीतून माणसे घडवून त्यांच्यासमोर उभी करतो. का, ते कळत नाही. शेवटपर्यंत कळत नाही.

आंद्रेई तारकोव्हस्की यांनी 1972 मध्ये यावर चित्रपट केला आणि लेम संतापले. चित्रपटाची सुरुवात पृथ्वीवर होते: पाणी, गवत, घर, वडील. कादंबरीत यांतले काही नाही, ती थेट स्थानकाकडे निघते. तारकोव्हस्कींना अपराधभावनेत रस होता, मृत पत्नीसमोर पुन्हा उभा राहिलेल्या माणसात रस होता. लेम यांना माणसाबाहेरच्या, माणसाची पर्वा न करणाऱ्या ज्ञानविषयात रस होता. आपल्या कादंबरीऐवजी या दिग्दर्शकाने ‘क्राइम अँड पनिशमेंट’ काढला, असा लेम यांचा आक्षेप होता. गंमत अशी की तारकोव्हस्कींना स्वतःला कुब्रिकचा 1968 चा ‘2001: अ स्पेस ओडिसी’ थंड आणि निर्जीव वाटला होता.

या तिघांनाही विज्ञानपटाची जाण नव्हती असे कोण म्हणेल? कालिदासाच्या दोन्ही अटी इथे पुऱ्या होतात: कृती समर्थ, पारखणारे जाणकार. तरीही लेम यांना तारकोव्हस्कींचे आणि तारकोव्हस्कींना कुब्रिकचे काम नकोसे झाले. याचे कारण अज्ञाताशी त्यांचे नाते वेगळे होते. लेम यांच्या मते अज्ञात हे अज्ञातच राहिले पाहिजे, आणि त्याच्यासमोर माणसाचे अपयश हीच प्रामाणिक कथा. तारकोव्हस्कींच्या मते आकाशात कितीही दूर गेलो तरी समोर येतो तो आपला सद्सद्विवेक. कुब्रिक अज्ञाताला नुसते दाखवतो, त्याची बाजूही घेत नाही आणि माणसाचीही. त्याच्या निर्वात अवकाशात आवाज नाही, अंतराळवीराचा श्वास तेवढा ऐकू येतो.

मी लेम यांच्या बाजूचा आहे. परग्रहावर जाऊन पुन्हा वडिलांच्या घराच्या दारात पोहोचणे मला माणसाच्या आत्ममग्नतेचा विजय वाटतो. पण तारकोव्हस्कींचा चित्रपट हा त्या मतासाठी दिलेला इतका तगडा पुरावा आहे की माझे मत त्याच्यासमोर दर वेळी थोडे डळमळते. वादाला योग्य अशी आवड यालाच म्हणायचे.

तिसरा फाटा: न्याय

टोल्किन आणि ‘ड्यून’ यांचा किस्सा या संदर्भात मला सर्वांत बोलका वाटतो. फ्रँक हर्बर्ट यांची ही कादंबरी 1965 ची, वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारलेली आणि पुढे ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळवणारी. टोल्किन यांनी 1966 मध्ये एका पत्रात लिहिले की हे पुस्तक आपल्याला तीव्रतेने नावडले आहे, आणि दुसऱ्या लेखकावर अन्याय नको म्हणून त्यावर बोलणे टाळतो. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका पत्रात त्यांनी आयझॅक असिमोव्ह यांच्या विज्ञानकथा आवडतात असे नमूद केले आहे.

पृष्ठभागावर हे उलटे आहे. ‘ड्यून’मध्ये सरदार घराणी, भाकिते, वाळवंटी टोळ्या, प्राचीन भाषा, पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टे असे सगळे टोल्किनच्या जगाशी जुळणारे आहे. असिमोव्हमध्ये त्यातले काहीच नाही. वरवरच्या साम्यावरून आवड ठरत असती तर टोल्किन ‘ड्यून’वर लुब्ध व्हायला हवे होते.

टोल्किन यांनी कारण दिले नाही, म्हणून पुढचा तर्क माझा. टोल्किनच्या जगात शक्तीचा मोह हेच पाप आहे. नायक फ्रोडो शेवटच्या क्षणी हरतो, सत्तेची अंगठी टाकू शकत नाही, आणि जग वाचते ते त्याच अंगठीच्या मोहाने ग्रासलेल्या गॉलमवर आधी केलेल्या दयेमुळे. फळाची खात्री नसतानाही योग्य ते करावे, असा त्या कथेचा कणा आहे. हर्बर्टचा नायक पॉल भविष्य पाहतो, आपल्या नावाने होणारा धर्मयुद्धाचा संहार पाहतो, आणि पर्यायांची मोजदाद करत त्याच दिशेने जातो. हर्बर्ट यांना त्यातून तारणहार नेत्यांविषयीचा इशाराच द्यायचा होता, हे त्यांनी वारंवार सांगितले. पण इशारा देण्यासाठी त्यांनी असे विश्व रचले जिथे दयेला काही वाव नाही, जिथे धर्म हे पेरून ठेवलेले हत्यार आहे. श्रद्धावान कॅथलिक टोल्किनला ते असह्य वाटले असेल तर त्याला नुसती चव म्हणता येणार नाही. ते विश्वाच्या नैतिक रचनेविषयीचे मतभेद आहेत.

एडमंड विल्सन या मोठ्या अमेरिकी समीक्षकाने 1956 मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला पोरकट ठरवले. त्याच वर्षी कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली आणि या पुस्तकाबद्दल मध्यम मत कुणाचेच नसते, हेही नोंदवले. काहींचा विरोध वीरांच्या शोधयात्रेलाच, कल्पित जगालाच तत्त्वतः असतो, असे त्यांना वाटत होते. दुष्ट आणि सुष्ट यांची लढाई ही प्रौढ माणसाने गंभीरपणे घेण्याची गोष्ट आहे का, हा तो वाद होता. दुसरे महायुद्ध संपून दहा वर्षेच झाली होती.

एकाच चित्रपटात दोन मागण्या

हे फाटे नेहमी दोन पुस्तकांमध्येच पडतात असे नाही. ख्रिस्तोफर नोलन यांच्या 2014 च्या ‘इंटरस्टेलर’मध्ये ते एकाच चित्रपटाला मधोमध चिरतात. कृष्णविवराजवळच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. नायक खाली उतरतो, थोडा उशीर होतो, परत यानात येतो तेव्हा तेवीस वर्षे उलटलेली असतात. तो बसून मुलांचे साठलेले निरोप पाहतो, मुले त्याच्यासमोर वाढतात, प्रौढ होतात. सापेक्षतेचा सिद्धान्त इथे सजावट नाही. त्या नियमामुळेच त्या बापाचा विलाप शक्य होतो, दुसऱ्या कोणत्याही साहित्यप्रकाराला हा विलाप साधणार नाही. सल्लागार होते किप थॉर्न, ज्यांना 2017 मध्ये गुरुत्वलहरींच्या शोधासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

आणि मग शेवट. नायक कृष्णविवरात शिरतो, पाच मितींच्या रचनेत पोहोचतो, मुलीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटामागून तिला संदेश देतो, आणि प्रेम हा दुवा ठरतो. पहिला प्रसंग ज्यांना प्रिय, त्यांतल्या अनेकांना शेवट खोटा वाटतो. शेवटाने डोळे भरून येणाऱ्यांना आधीची गणिते लांबण लावणारी वाटतात. माझ्या मते शेवटचा भाग दुबळा आहे, आणि कारण चित्रपटाच्या आत आहे: दोन तास तो प्रेक्षकाला शिकवतो की विश्व कुणासाठी थांबत नाही, आणि शेवटी विश्व एका बापासाठी थांबते. प्रेमाला नियमापेक्षा मोठे ठरवायचे होते तर ते पहिल्यापासून कथेच्या व्यवहारात दिसायला हवे होते. एका भाषणात ते मांडून भागत नाही.

मराठी वाचक कसा घडला

आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका कारणाने गुंतलेला आहे. ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा ‘केरळ कोकिळ’ मासिकातून 1900 मध्ये मराठीत आली. त्याआधीच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या होत्या. म्हणजे दोन्ही प्रवाह आपल्याकडे शंभरहून अधिक वर्षे आहेत. पण त्यांना दोन वेगळी प्रतिष्ठा मिळाली.

मराठी विज्ञान परिषद 1966 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या कथास्पर्धेने लेखक घडवले. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा 1974 मध्ये त्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपली आद्याक्षरे उलटी करून, आणि पारितोषिक मिळवले. त्यांच्यासह बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी मराठी विज्ञानकथेला जे रूप दिले त्यात प्रबोधनाची प्रेरणा ठळक होती. नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. गणपतीची सोंड उजवीकडे वळणे हा श्रद्धेने भारलेला चमत्कार, आणि कथा त्याला अवकाशाच्या पिळाची भूमिती देते. वाचकाचा विस्मय टिकतो, भय जाते. ही कामगिरी मोठी होती आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

तिची एक किंमतही होती. विज्ञानकथा वाचणे हे शहाणपणाचे आणि धारपांच्या भयकथा वाचणे हे चोरून करायचे, अशी रुचीची उतरंड तयार झाली. ‘नवल’ आणि ‘धनंजय’च्या अंकांत भूत, रहस्य आणि विज्ञान एकाच मुखपृष्ठाखाली नांदत होते, वाचक तिन्ही वाचत होते. पण चर्चा करायची ती विज्ञानाचीच. परिणामी मराठीत विज्ञानकथेला ‘यातून काय माहिती मिळाली’ असे विचारले जाते आणि अद्भुतकथेला काहीच विचारले जात नाही.

दुसरी अडचण पुराणांची. पुष्पक विमान आणि ब्रह्मास्त्र आपल्याला लहानपणी कल्पित म्हणून सांगितले जात नाहीत. ती श्रद्धेच्या प्रदेशातली गोष्ट असते. अद्भुतकथा वाचकाकडून तात्पुरती संमती मागते, पुस्तक मिटले की ती परत घेता येते. ज्याला चमत्कार म्हणजे एकतर खरा मानायचा किंवा भोंदूपणा म्हणून झटकायचा, एवढेच दोन मार्ग माहीत आहेत, त्याला ही मधली अवस्था अवघड जाते. आपल्याकडचे कट्टर विवेकवादी आणि कट्टर भाविक अद्भुतकथेला सारख्याच तुच्छतेने ‘लहान मुलांचे’ म्हणतात, यामागे मला हे कारण दिसते.

काही आक्षेप

पहिला: हे मनोरंजन आहे, एवढा खल कशाला? ज्या गोष्टीवरून माणसे मैत्री तोडण्याइतकी भांडतात, ती त्यांच्यासाठी निव्वळ मनोरंजन नसते. तिथे त्यांचे काहीतरी दुखावले जाते, आणि ते काय आहे हे जाणून घेणे मोलाचे आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आवड आधी येते, कारणे मागाहून जोडली जातात, मग त्या कारणांवर वाद घालून काय साधणार? पहिला भाग मला मान्य आहे. पण मागाहून दिलेले कारणही पारखता येते, कारण ते दुसऱ्या कृतींना लावून पाहता येते. ‘इंटरस्टेलर’चा शेवट अशास्त्रीय म्हणून नाकारणारा माणूस ‘स्टार वॉर्स’मधले निर्वात पोकळीतले स्फोटांचे आवाज आनंदाने ऐकत असेल, तर अशास्त्रीयता हे त्याचे खरे कारण नाही. त्याला ते दाखवून दिले की तो दुसरे कारण शोधतो, आणि ते बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा खरे असते. या शोधात कधीकधी आवडही बदलते. प्रौढपणी पुन्हा वाचलेल्या पुस्तकांनी हे आपल्यापैकी पुष्कळांना दाखवले आहे.

तिसरा: यातून उच्चभ्रूपणा येईल, कुणाची आवड वरची आणि कुणाची खालची असे होईल. भीती रास्त आहे. पण मौन हे त्यावरचे औषध नाही. ‘मला आवडले नाही’, ‘हे वाईट आहे’ आणि ‘हे माझ्यासाठी लिहिलेले नाही’ ही तीन वेगळी विधाने आहेत, आणि ज्याची त्याची आवड म्हणणारा माणूस तिन्हींचा गोळा करतो. टोल्किन यांनी ‘ड्यून’बद्दल पहिले विधान केले आणि दुसरे करण्याचे नाकारले. एवढा विवेक ठेवला तर कुणाचा अपमान होत नाही.

चौथ्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. काही माणसांना कल्पित जगांचाच कंटाळा असतो. नकाशे, वंशावळी, नवी नावे यांनी त्यांचे मन शिणते, आणि त्यांच्या नैतिक किंवा तात्त्विक समजुतींशी त्याचा संबंध जोडता येत नाही. मी वर म्हटलेला शेष तो हा. तिथे वाद घालू नये.

समीक्षेकडे एक मागणी

हा लेख लिहिण्याचे कारण मराठी परीक्षणे आहेत. मुग्धा कर्णिक यांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’सारखा प्रचंड ग्रंथ मराठीत आणला, हॅरी पॉटर मराठीत आला, ‘तुंबाड’ने मराठी मातीतला कल्पित देव देशभर नेला, नव्या पिढीचे लेखक दिवाळी अंकांतून विज्ञानकथा लिहीत आहेत. या सगळ्यावर जे छापून येते ते बहुतेक दोन साच्यांतले: विज्ञान सोपे करून सांगितले आहे, किंवा कल्पनाशक्ती थक्क करणारी आहे. लेखकाने कोणती सवलत मागितली, तिची किंमत कुठे चुकवली, काय न उलगडलेले ठेवले आणि ते ठेवण्याचा त्याला हक्क होता का, त्याच्या विश्वात न्याय कसा चालतो, हे प्रश्न कुणी विचारत नाही. ज्याला असे पुस्तक मुळीच रुचले नाही अशा जाणत्या वाचकाकडून तर आपण परीक्षण लिहूनच घेत नाही.

संपादकांनी ते लिहून घ्यावे. एकाच विज्ञानकादंबरीवर एकाच अंकात दोन विरोधी लेख छापावेत, लेखकालाही उत्तराची जागा द्यावी. आणि वाचकांनी पुढच्या वेळी एखादी कथा अर्ध्यावर टाकली, तर तिच्यातली कोणती गोष्ट आपल्याला मान्य करता आली नाही हे निदान एका वाक्यात लिहून त्या संपादकाला कळवावे.